लखोट्यावरचा पत्ता

एकदा एक व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला आणि एका माणसाची नोकरी, अब्रू आणि झोप एका दमात पणाला लागली. ‘आपोआप’ हा शब्द इथे सोयीसाठी घेतला आहे. त्या नगरातले लोक तो घ्यायला तयार नव्हते. आपोआप घडलेले लोकांना पचत नाही. त्यांना कोणीतरी माणूस लागतो.

नगर लहान होते, पण पाणीपुरवठा नव्या चालीचा होता. जलशुद्धीकरण केंद्रातला माणूस संगणकापुढे बसून आज्ञा देई, ती तारेतून जाई आणि कोसभर दूरचा व्हॉल्व्ह उघडे किंवा मिटे. एके सकाळी ऐन पाणी सोडण्याच्या वेळी तो मिटला. वेगाने निघालेले पाणी अडले, मुख्य जलवाहिनी फुटली आणि कुंभारवाड्यात शिरलेल्या लोंढ्याने तीनशे कच्च्या माठांचा पुन्हा चिखल केला. त्या वेळी केंद्रात ज्ञानू भोईटे कामावर होते. सव्वीस वर्षांची चाकरी, एकही शेरा नाही. “म्या बटणाला हात बी लावला न्हाई,” एवढेच ते म्हणाले. तसे तर सगळेच म्हणतात, असे म्हणून लोकांनी माना डोलावल्या. भोईट्यांना घरी बसवण्यात आले आणि चौकशी समिती नेमली गेली.

समितीच्या हाती पुरावा एकच होता. व्हॉल्व्हशेजारच्या जुन्या नियंत्रक पेटीने आपल्याकडे आलेले शेवटचे काही संदेश जपून ठेवले होते. पेटी इतकी जुनी की, तिच्या पोटातले बाहेर काढायचे तर छापून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. बत्तीस पाने निघाली. पानांवर ना शब्द ना वाक्य. नुसत्या दोन-दोन चिन्हांच्या जोड्या, शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ ही अक्षरे. अशा छपाईला जाणकार हेक्स डंप म्हणतात. एक जोडी म्हणजे एक बाइट. प्रत्येक ओळीच्या आरंभी एक क्रमांक असतो. त्या संदेशाचे किती बाइट मागे झाले, ते तो सांगतो. नवा संदेश सुरू झाला की तो पुन्हा शून्यावर येतो. हे कागद समितीपुढे ठेवले, तेव्हा अध्यक्षांनी पहिले पान सुलटे धरले, उलटे धरले आणि खाली ठेवले.

म्हणून ते काम चारुताकडे आले. चारुता एका छोट्या संगणक कंपनीत होती, हुशार होती आणि आपण हुशार आहोत हे तिला ठाऊक होते. तिला करायचे होते इतकेच: हा छापील मजकूर संगणकात घ्यायचा आणि त्याची कॅप्चर फाइल करायची. तारेतून जाणारे संदेश जिवंत पकडले की त्यांची जशी फाइल होते, तशी. मग ती विश्लेषक प्रोग्राममध्ये उघडते आणि कोणी, कोणाला, केव्हा, काय सांगितले, ते ओळीओळीने आणि रंगांसकट दिसू लागते.

चारुताने ते एका दिवसात उरकले. पाने स्कॅन केली, अक्षरे यंत्राकडून वाचून घेतली आणि तो मजकूर रूपांतराच्या प्रोग्रामला दिला. त्याने थोडी कुरकुर केली: चार ठिकाणी ओळीचा क्रमांक जुळत नाही, ते संदेश गाळले आहेत. पावणेचारशे संदेशांत चार म्हणजे दर्यामे खसखस, असे म्हणून ती पुढे गेली. मग खरी अडचण आली. जुन्या पेटीने संदेशांचा मजकूर तेवढा ठेवला होता. तो कुठून आला आणि कधी आला, हे तिने ठेवलेच नव्हते. पत्र होते, लखोटा नव्हता. आणि विश्लेषक प्रोग्राम असा सोवळा की, बिनलखोट्याच्या पत्राला शिवतच नाही. यावरही सोय असते. पाठवणाऱ्याचा पत्ता द्या, घेणाऱ्याचा पत्ता द्या, लखोटा मी करून चिकटवतो, असे रूपांतराचा प्रोग्राम म्हणतो. घेणारा उघडच होता, व्हॉल्व्ह. पाठवणारा? चारुताने क्षणभर विचार केला आणि भोईट्यांच्या टेबलावरच्या संगणकाचा आकडी पत्ता लिहिला. तिच्या मनात काही पाप नव्हते. आज्ञा द्यायचे ठिकाण तेच, तेव्हा तिथूनच आली असणार. वेळेच्या जागी तिने सकाळचे सहा लिहिले. कारण जलवाहिनी सहा वाजून दहा मिनिटांनी फुटली होती.

फाइल उघडली तेव्हा चारुता खूश झाली. निळ्या पट्टीत स्पष्ट दिसत होते: भोईट्यांच्या संगणकाकडून व्हॉल्व्हला, सहा वाजता, ‘बंद हो’. समितीचे अध्यक्ष तिच्याहून खूश झाले. पाणीपुरवठा खात्यात जन्म घालवलेले ते गृहस्थ होते. संगणकाचे त्यांना थोडे भय होते आणि भय असलेल्या गोष्टीवर माणूस चटकन विश्वास ठेवतो. “आता अंधारात चाचपडायला नको,” ते म्हणाले. भोईट्यांना बडतर्फीची नोटीस गेली. सोमवारी अखेरची सुनावणी ठरली.

शुक्रवारी चारुता आपल्या गुरूंकडे गेली. हे गुरू म्हणजे एक वृद्ध अभियंता. टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्यांची हयात गेली होती आणि आता घरी येतील त्यांना ते तारेतल्या गोष्टी शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर ओसरीवर पाटावर बसून भिजवून मोड आलेले वाल सोलत होते. चारुताने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि सारी हकीकत सांगितली. त्यात शाबासकीची जागा तिने मोकळी ठेवली होती.

मास्तरांनी हात पुसले. फाइल पाहिली, मग बत्तीस पाने मागितली. ती त्यांनी इतक्या सावकाश पाहिली की चारुताने तोवर वाटीभर वाल सोलून टाकले. शेवटी त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि चष्मा कपाळावर चढवून काहीतरी टंकू लागले. दहा-बारा मिनिटे गेली.

“घे, वाच,” ते म्हणाले.

तीच फाइल, तीच निळी पट्टी. मात्र पाठवणाऱ्याचा पत्ता वेगळा होता. चारुताने तो ओळखला; या घरात शिकायला येताना तिने तो कित्येकदा वापरला होता. तो मास्तरांच्या घरच्या संगणकाचा होता. वेळ होती त्याच शुक्रवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे.

“व्हॉल्व्ह कुणी बंद केला?” मास्तरांनी विचारले.

“मास्तर, थट्टा करताय का?”

“थट्टा कसली? फाइल काय म्हणते ते सांग.”

“फाइल म्हणते... तुम्ही केला. आज सकाळी.”

“ह्याच पाटावर बसून. सोमवारी हीच फाइल समितीला दाखव. म्हणावं, गुन्हेगार सापडला, म्हातारा आहे, पळून जाणार नाही.”

चारुता हसली, पण मास्तर हसले नाहीत. तिला काही उमगेना. तिने दोन्ही फायली शेजारी ठेवून पाहिल्या. संदेशांचा मजकूर अक्षरशः तोच होता.

“एकही बाइट बदललेला नाही मी,” मास्तर म्हणाले. “पत्र तेच आहे, नियंत्रक पेटीनं छापलेलं. लखोटा तेवढा मी केला. तुझ्या फायलीतलं पत्रसुद्धा खरं आहे चारू, आणि त्याचा लखोटा तू केलास. तुझी फाइल सरळ खोटी असती तर बरं झालं असतं, खोटं कधी ना कधी उघडं पडतं. तू काय केलंस, पावणेचारशे खऱ्या गोष्टींच्या गर्दीत आपला एक अंदाज सोडून दिलास. आता तो गर्दीत मिसळला. अध्यक्षांना ओळखू यायचा नाही, कोर्टाला ओळखू यायचा नाही, चार महिन्यांनी तुला स्वतःला ओळखू येणार नाही.”

“पण मास्तर, काहीतरी भरल्याशिवाय फाइल उघडतच नव्हती. आणि कामावर भोईटेच होते. दुसरं कोण असणार?”

“असेलही तोच. मग ‘मला तसं वाटतं’ असं आपल्या तोंडानं सांग, लोक तुझं तोंड बघून काय ते ठरवतील. आपलं वाटणं फायलीच्या तोंडी कशाला घालतेस? प्रोग्राम जागा मागतो, भरावी लागते, मान्य. शून्य भर. पाठवणारा शून्य, वेळ शून्य. बघणाऱ्याला पहिल्या नजरेत कळलं पाहिजे की इथं आपल्याला काही ठाऊक नव्हतं.”

आपल्या हातून काय झाले, ते चारुताला आता लख्ख दिसत होते. एका प्रोग्रामची एक रिकामी चौकट भरताना तिने एका माणसाला गुन्हेगार ठरवले होते, आणि तेही सहज, चहा घेता घेता. तिला रडू आले. मग रडण्याचाही राग आला.

“समितीला सांगायचं म्हणजे कंपनीचं नाव जाईल,” ती म्हणाली.

“जाईल,” मास्तर म्हणाले.

“मलासुद्धा कदाचित...”

“कदाचित. सुनावणी सोमवारी ना? म्हणजे दोन दिवस आहेत. पानं किती?”

“बत्तीस.”

“मग इथं का बसलीस?”

शनिवारी सकाळी चारुताने पहिले पान समोर ठेवले आणि हाताने टंकायला सुरुवात केली. या खेपेला यंत्राकडून वाचून घेणे नाही. यंत्राला आठाचा बी दिसतो आणि शून्याचा डी. ती जोडीजोडीने वाचू लागली. प्रत्येक ओळ झाली की बाइट मोजायचे आणि पुढच्या ओळीच्या आरंभीच्या क्रमांकाशी ताडायचे. जुळले तर पुढे, नाही जुळले तर ती ओळ पुन्हा. पहिल्या पानाला पाऊण तास लागला. बत्तीस गुणिले पाऊण तास हा हिशेब तिने मनात केला आणि पुन्हा करायचा नाही असे ठरवले. दुपारी मान अवघडली, तेव्हा ती उठून दोन फेऱ्या मारून आली. रात्री कंपनीच्या मालकांचा फोन आला. काम तर झाले ना, असे त्यांनी विचारले. “चुकलंय, पुन्हा करतेय,” ती म्हणाली. पलीकडून जे ऐकू आले ते तिने ऐकून घेतले आणि सतरावे पान समोर ओढले.

गाळलेल्या चार संदेशांपैकी तीन किरकोळ निघाले. चौथा बत्तिसाव्या पानाच्या अगदी तळाशी होता. तिथे छापणाऱ्याची शाई संपत आली होती, अक्षरे भुतासारखी पुसट होती. यंत्राने त्या ओळीतला एक बाइट गिळला, क्रमांक जुळला नाही आणि प्रोग्रामने अख्खा संदेश टाकून दिला होता. चारुताने ते पान रविवारी दुपारी खिडकीच्या उजेडात तिरपे धरले आणि एकेक जोडी लावली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. तारेवर बोलणारे प्रत्येक यंत्र आपण पाठवलेल्या संदेशांना ओळीने क्रमांक देत जाते, आणि या पद्धतीत तो क्रमांक लखोट्यावर नसतो, पत्रातच असतो. लखोटा गेला तरी तो राहतो. सगळ्या संदेशांचे क्रमांक चढत्या ओळीने आले होते: चार हजार एकशे पंधरा, सोळा, सतरा. त्यानंतरच्या ‘बंद हो’ या संदेशावर मात्र क्रमांक होता एक. पहिल्या वेळीही चारुताला तो दिसला होता. संगणक बंद करून पुन्हा चालू केला असेल, मोजणी पहिल्यापासून सुरू झाली असेल, असे म्हणून तिने तो सोडून दिला होता. जुन्या फायलीत त्याच्यापुढे काहीच नव्हते, तेव्हा शंका यायचे कारण नव्हते. आता त्याच्यापुढे तो पुसट संदेश उभा राहिला. त्याचा क्रमांक होता चार हजार एकशे अठरा.

म्हणजे मोजणी तुटलीच नव्हती. सतरानंतर अठरा बिनबोभाट आला होता. मध्ये एक म्हणणारा कोणी दुसराच होता.

चारुताने नवी फाइल केली. पाठवणाऱ्याच्या जागी शून्ये, वेळेच्या जागी शून्ये.

सोमवारी सुनावणीला समितीचे तिघे होते, चारुताच्या कंपनीचे मालक होते आणि मागच्या बाकावर इस्त्रीचा सदरा घालून ज्ञानू भोईटे बसले होते. भिंतीवरच्या पडद्यावर चारुताने प्रथम मास्तरांची फाइल लावली. अध्यक्षांनी ती वाचली. “हे कोण नवीन? आणि शुक्रवारी? शुक्रवारी तर वाहिनी दुरुस्त झालेली होती!”

“साहेब, हे माझे गुरू आहेत. त्यांनी व्हॉल्व्ह बंद केलेला नाही. ही फाइल त्याच बत्तीस पानांची आहे. पत्ता आणि वेळ त्यांनी आपल्या मनानं घातली.” ती न थांबता पुढे म्हणाली, “आणि मी तुम्हाला आधी दिलेल्या फायलीत भोईट्यांचा पत्ता आणि सहाची वेळ मी माझ्या मनानं घातली होती. कागदावर ती नाही. ती माझी चूक आहे.”

मालकांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्ष तिच्याकडे वळले. “बाई, आठ दिवसांपूर्वी तुम्ही हो म्हणालात, आज नाही म्हणता. हा काय पोरखेळ आहे? त्या फायलीवर मी एका माणसाच्या नोटिशीवर सही केली.”

“हो साहेब.”

तिने नवी फाइल लावली आणि क्रमांक दाखवले. सतरा, मग एक, मग अठरा. अध्यक्षांना हे संगणकाचे गणित मुळीच जड गेले नाही. पाण्याच्या पाळ्यांच्या नोंदवह्या त्यांनी चाळीस वर्षे पाहिल्या होत्या.

“म्हणजे भोईटे सुटले?” त्यांनी विचारले.

चारुताच्या ओठांवर ‘हो’ आले होते. ते तिने मागे घेतले. “तेही कागद सांगत नाही साहेब. कागद एवढंच सांगतो, की पाठवणारे दोन होते आणि आपण एकालाच धरलं.”

“मग हा एक नंबरवाला कोण?”

“ते कागदावर नाही.”

मग मागच्या बाकावर कोणीतरी खाकरले.

“सायेब, बोलू का?” भोईटे उभे राहिले. “आदल्या दिशी ठेकेदाराची दोन मान्सं वरल्या टाकीवर नवा डबा बसवून गेली. टाकी भरली की आपसूक व्हॉल्व्ह बंद करनारा. मला म्हनली, आजून चालू न्हाई केला. दुसऱ्या दिशी सकाळी लाइट जाऊन आली. लाइट आली आन् व्हॉल्व्ह मिटला. माजा काम्पुटर बॅटरीवर असतोय, त्यो काय बंद पडला न्हाई.”

अध्यक्षांनी पेन खाली ठेवले. “हे तुम्ही पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“तुमी इचारलं, बटण दाबलं का न्हाई. म्या म्हनलं, न्हाई. फुडचं कुनी इचारलंच न्हाई.”

अध्यक्षांनी नोटीस मागवून घेतली आणि तिच्यावर ‘रद्द’ असे लिहून सही केली. ठेकेदाराला बोलावणे धाडा, म्हणाले. भोईट्यांनी उद्यापासून कामावर यावे. आणि या कंपनीला यापुढे काम द्यायचे की नाही, ते पुढच्या बैठकीत पाहू.

बाहेर पायऱ्यांवर चारुताने भोईट्यांना गाठले.

“काका, माझी चूक झाली. तुमच्या नावाचा पत्ता मी घातला होता.”

“ऐकलं की,” भोईटे म्हणाले. “भर सभंत सांगितलासा, त्ये बी ऐकलं.” ते रागावलेले दिसत नव्हते, आणि त्यामुळे चारुताला अधिकच लागले. ते चपला घालायला खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. “ताई, नोकरीचं काय न्हाई. दोन वर्सं ऱ्हायलीत. पर माजी लेक हाय, सारिका, तिकडं सासरी. तिला कुनीतरी त्या निळ्या पट्टीचा फोटू धाडला. तिनं फोन केला. म्हनली, आबा, काम्पुटर कसा खोटं बोलंल? आता म्या तिला सांगून ती ऐकनार हाय व्हय? बाप तर म्हननारच, म्या न्हाई केलं.”

चारुताने पर्समधून फोन काढला.

“नंबर सांगा काका.”

“आत्ता?”

“आत्ता.”

भोईट्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला. चारुताने तो लावला, परत त्यांना वाचून दाखवला, बरोबर आहे ना विचारले आणि मगच बटण दाबले. पलीकडे घंटा वाजत राहिली. मालक पायऱ्या उतरून, तिच्याकडे न पाहता, गाडीकडे गेले. मग एका तरुण बाईचा आवाज आला: कोण?

“सारिकाताई, माझं नाव चारुता,” ती म्हणाली. “तुम्ही पाहिलेल्या त्या फोटोतला पत्ता मी लिहिला होता. संगणकानं नाही. तुमच्या वडिलांना न विचारता लिहिला होता. ते शेजारीच उभे आहेत, पण आधी माझ्याकडून सगळं ऐकून घ्या.”